रानोबा खड्ड्यात आहे

४ मार्च

टोक्या,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरून नाही. 'तब्येत कशी आहे, काम कसं चाललंय' हेही आज विचारणार नाही. तुझ्याकडून मला एक पान हवंय, म्हणून हे पत्र. पान पाठवलंस की पुन्हा हवी तितकी वर्षं गप्प बसायला तू मोकळा आणि मीही मोकळी.

फोन का केला नाही म्हणशील. केला होता. तुझा नंबर आता कुठल्यातरी गॅरेजवाल्याकडे आहे, आणि तो माणूस तुझ्यापेक्षा बरा बोलतो. तुझा पत्ता शेवटी आपल्या छापखान्याच्या मालकांकडे निघाला. त्यांना तू दरवर्षी शुभेच्छांचं कार्ड पाठवतोस म्हणे. मी म्हटलं वा, माणसाला कोणीतरी आठवतं तरी.

तर ऐक. बाबांनी माळ्यावरून रानोबा खाली काढलाय.

आपल्या चित्रकथेचे सगळे अंक. दोरीने बांधलेला तो गठ्ठा मी कितीदा रद्दीत घालायला निघाले होते, आणि दर वेळी काही ना काही आडवं आलं. आता घातला असता तर बरं झालं असतं असं वाटतं, आणि असं वाटलं की स्वतःचाच राग येतो. बाबांचं डोकं आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. हे तुला कोणी कळवलं असेल तर मला माहीत नाही, मी तरी कळवलेलं नाही. मला ते कधी 'बाई' म्हणतात, कधी 'डॉक्टरीणबाई', म्हणजे ते रखवालदार होते त्या प्राणिसंग्रहालयात जनावरं तपासायला यायच्या त्या. सकाळी डोळा उघडला की विचारतात, पिंजऱ्यांच्या कड्या घातल्या का. मी म्हणते, घातल्या. मग चहा घेतात.

पण रानोबाला ओळखतात. आता जगात त्याला ओळखणारे म्हणजे तू, मी, बाबा आणि न्हाव्याच्या बाकावर नंबर लागेपर्यंत अंक चाळणारे चार लोक. एवढीच त्याची कीर्ती. तरी बाबा चष्मा लावून, ओळीखाली बोट फिरवत, रोज पहिल्या अंकापासून सुरुवात करतात. तुझ्या चुका काढणंही सुटलेलं नाही. "बिबट्या उडी मारताना शेपूट असं धरत नाही, याला सांगितलं होतं," असं मलाच ऐकवतात. रानोबा मातीला हात लावतो आणि एका वेळी एकाच प्राण्याचं बळ घेतो, हे त्यांना मान्य आहे. बळाबरोबर त्या प्राण्याची उणीवही घ्यावी लागते, हे तर त्यांचंच डोकं. घुबडाचे डोळे घेतले की दिवसा चाचपडायचं, वटवाघळाचे कान घेतले की बाजारात उभं राहवायचं नाही. जेवताना त्यांनी सांगायचं, तू ताटाशेजारी कागद ठेवून काढायचास, मी तोंडात घास धरून संवाद लिहायचे. आई ओरडायची की कागदाला आमटी लागेल आणि आमटीला शाई.

दुपार झाली की शेवटचा अंक येतो. शिकारी रानोबाला खड्ड्यात ढकलतात. पडता पडता तो मातीला हात लावून कासवाची पाठ घेतो, म्हणून वाचतो. पण पडतो उताणा. आणि मोठं भारी कासव एकदा उताणं पडलं की त्याचं त्याला उलटता येत नाही, दुसऱ्या कोणीतरी यावं लागतं. तो तसाच पाय हलवत पडलेला असतो, बाबा पान उलटतात आणि समोर दंतमंजनाची जाहिरात. बत्तिशी दाखवणारा मुलगा. शेवटच्या पानात मी शाई भरून दिली नाही आणि मालकांनी ती जागा मंजनवाल्याला दिली, हे तुला ठाऊक आहेच.

बाबा त्या मुलाकडे बघत राहतात. "हा हसतोय काय?" म्हणतात. मग चष्मा काढून ठेवतात, चपला घालतात आणि रानोबाला काढायला निघतात.

तसं काळजीचं काही नाही. जरा फिरतात, मी जाऊन घेऊन येते. पण रोजचंच झालंय आणि माझं काम राहतं. तेव्हा एक पान काढून पाठव. रानोबा खड्ड्याबाहेर आलेला. कसाही आण. माकड कर, गरुड कर, माझी हरकत नाही. नुसत्या पेन्सिलीत पाठव, शाई मी भरते.

आणि ते जुनं पान आहे ना, असं मला सांगू नकोस. ते अजून माझ्या खणात आहे. जिथे काळं करायचं तिथे तू बारीक फुली मारायचास. फुली दिसली की मी शाई भरायची, नसेल तिथे कागद पांढरा सोडायचा, असा आपला कारभार. त्या पानावर वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत फुल्याच फुल्या. एक शब्द नाही. तू त्याला मारून मोकळा झालास, हे कळायला मला ब्रश हातात घ्यायची गरज पडली नाही. त्यावर जे बोलायचं ते तेव्हाच बोलून झालंय, शेजाऱ्यांनीही ऐकलंय.

पान पाठव.

ताई


११ मार्च

टोक्या,

उत्तर नाही. ठीक आहे, पत्र पोचायला वेळ लागतो, तू मोठा कामाचा माणूस, साबणाच्या वड्यांची चित्रं काढतोस असं मालक सांगत होते. पण मी मागच्या पत्रात एक गोष्ट नीट सांगितली नव्हती, ती आता सांगते.

बाबा 'जरा फिरत' नाहीत. मागच्या रस्त्यावरचं जुनं थिएटर पाडलं, तिथे तळघर असलेली इमारत व्हायची आहे. त्यासाठी खड्डा खणलाय. केवढा म्हणशील तर आपलं घर त्यात उभंच्या उभं मावेल. भोवती पत्रे लावलेत, पण मजुरांना ये-जा करायला फट ठेवलीय, आणि बाबांना फट बरोबर सापडते. पहिल्यांदा तिथला मुकादम त्यांना दंडाला धरून घरी घेऊन आला. चांगला माणूस आहे, चिडला नव्हता. म्हणाला, आजोबा अगदी काठावर ओणवे होऊन खाली कोणाला तरी हाका मारत होते. काय म्हणत होते, असं मी विचारलं.

"म्हणत होते, आलो, आलो. हलू नकोस."

मी त्याला चहा दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी हलवत बसले. आपल्या बाबांचा हा आवाज मला माहीत आहे. उताणं पडलेलं कासव उलटायला हौदावर जाताना ते असंच म्हणायचे.

दाराला कडी लाव, असा सल्ला सगळे देतात. अरे, ज्या माणसाने जन्मभर कड्याच घातल्या आणि काढल्या त्याला कडीने कसं थोपवणार? मी नवीन, अवघड, दोन ठिकाणी अडकणारी आणली. बाबांनी ती हातात घेऊन पाहिली, खूश झाले, "ही अस्वलाला लावा," म्हणाले, आणि दुपारी ती काढून बाहेर पडले. जाताना पुन्हा नीट बाहेरून लावून गेले. मीच आत अडकले. हसू नकोस. बरं, हस. मला पण नंतर हसू आलं, पण ते त्यांना घरी आणल्यावर. खिडकीतून शेजारणीला हाका मारताना तोंडचं पाणी पळालं होतं.

त्यात आणखी मूर्खपणा मी केला. म्हटलं, तुझी इतकी मिनतवारी कशाला, मीच काढते. हात काळे करण्यात जन्म गेला, मला एक माणूस खड्ड्याबाहेर काढता येऊ नये? पण मी काय काढते सध्या तुला ठाऊक नाही. शाळेच्या पुस्तकांतल्या आकृत्या. बेडकाचं हृदय, फुलाचा उभा छेद. रानोबा काढला तो तसाच आला, नुसते बाण काढून भागांची नावं लिहायची बाकी. तरी शाई भरून, कापून, त्या मंजनवाल्या पोरावर चिकटवला. बाबांनी बराच वेळ पाहिला. मग नखाने कोपरा उचकटून बघितला, खाली मुलगा हसतोच आहे.

"हा तो नाही," म्हणाले. "हा कोण दुसराच बाहेर आला. आपला अजून आतच असेल."

त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर चपला घातल्या.

काल संध्याकाळी वीज गेली. बाबांनी माझ्या हातातली बॅटरी काढून घेतली आणि खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यात उजेड पाडत फिरले, पूर्वी पिंजऱ्यांवर फिरायचे तसे. अंधारात चमकणाऱ्या नुसत्या डोळ्यांवरून सांगायचे ना, हे कोल्हं, हे रानमांजर. आणि आपण त्यांना घ्यायला गेलो की भिंतीमागे खाली बसून नाकापर्यंत डोकं वर काढायचो. आपल्यावर उजेड पाडून म्हणायचे, ही दोन नवीन आलेली दिसतात, यांचा पिंजरा कोणता? तू इतका हसायचास की भिंतीवरून घसरायचास. मला उगीचच आठवलं. तू पान पाठव म्हणजे झालं.

ताई


१९ मार्च

तुझं कार्ड मिळालं.

मी आधी मागे पाहिलं, मग पाकीट उलटं करून झटकलं. वाटलं, आणखी काही असेल. नाही. एवढ्या लांबून, एवढं तिकीट लावून, दोन शब्द.

"शाई भर."

वा रे वा. एवढी पत्रं लिहिली, बाप खड्ड्याच्या काठावर उभा राहतो हे कळवलं, आणि साहेबांचं उत्तर हे. 'बाबा कसे आहेत' एवढं तरी? तुझी बोटं झिजली असती का? मी ते कार्ड फाडणार होते, पण जाड निघालं, धड फाटेना, आणि त्याचाही मला राग आला.

तुला मी तेव्हा का नाही म्हटलं ते तू कधी समजून घेतलंच नाहीस, म्हणून आज लिहून ठेवते. बाबा अस्वलांच्या खंदकात पडले तो सुट्टीचा दिवस होता, बाग बंद होती, आवारात माणूस नाही. आपण दोघं घरात त्याच अंकावर वाद घालत होतो. तुझं म्हणणं शिकारी मिशीवाला हवा, माझं म्हणणं नको. बाबांना उशीर झालाय हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. दुपारभर ते खाली पडून होते, पाय मोडलेला, आणि अस्वल आपलं समोर बसून बघत होतं. शेवटी दुसऱ्या रखवालदाराला दिसले, त्याने वर काढलं. घरी आले तेव्हा आपला वाद चालूच होता.

आणि त्यांचा पाय प्लास्टरमध्ये असताना तू काय करतोस, तर रानोबाला खड्ड्यात टाकतोस. बरं, टाकलास. मला वाटलं वर काढशील. तर तू मला ते पान आणून देतोस. काळं. मी विचारलं, हे काय, तर म्हणालास, शाई भर म्हणजे कळेल. मला काय कळायचं राहिलं होतं? कागदावर का होईना, बाबांनाच खड्ड्यात मारून वर माती लोटलीस आणि ती माती मी माझ्या हाताने भरायची. मी म्हटलं माझ्याने होणार नाही. तू म्हणालास मग राहू दे. आणि बॅग भरलीस. माणूस भांडून परत येतो रे. तू एकदम लांबचंच तिकीट काढलंस.

इकडचं सांगते. शेवटचा अंक मी लपवून पाहिला. दोन दिवस बाबांनी घर उलटंपालटं केलं, पिठाच्या डब्यातही हात घातला, मग म्हणाले तो तिथेच असणार, आणि निघाले. मंजनवाल्या मुलाचं पान फाडून पाहिलं. मग तर काय, गोष्ट खड्ड्यातच संपायला लागली. आता मी आकृत्या घेऊन दाराला पाठ लावून बसते. ते येऊन समोर उभे राहतात आणि अगदी अदबीने म्हणतात, बाई, जरा सरकता का, आमचा माणूस आत आहे. मी सरकत नाही. मग येरझाऱ्या. खिडकी ते कपाट, कपाट ते खिडकी, वळताना दर वेळी त्याच फरशीवर पाय. बंद जनावर असं फिरायला लागलं की त्याच्याशी बोलत राहायचं, हे त्यांनीच शिकवलंय आपल्याला. मी बोलत राहते. काय बोलते कोण जाणे.

मला भीती वाटते, टोक्या. उगीच मोठेपणा करण्यात अर्थ नाही.

दुसरं पान काढ. तुझ्या हाताचं असलं तरच चालेल, दुसऱ्या कोणाचं ते ओळखतात. एवढं कर.

ताई


२२ मार्च

टोक्या,

बाबा आज खाली उतरले.

मी छापखान्यात आकृत्या द्यायला गेले होते, शेजारीण बसली होती, तिचा फोन वाजला आणि ती पलीकडे गेली, तेवढ्यात. खड्ड्यात ट्रक उतरायला मातीचा उतार केलाय, त्याच्यावरून गेले. मधेच घसरले. मुकादमाने काम थांबवलं आणि स्वतः खाली गेला. घोटा सुजलाय, हाड मोडलेलं नाही असं डॉक्टर म्हणतात. तळहात सोलवटलेत. दोन्ही मुठींत माती होती, सोडायला तयार नव्हते. कोणत्या प्राण्याचं बळ घेत होते कोणास ठाऊक.

मुकादम या वेळी हसला नाही. म्हणाला, बाई, सोमवारपासून मोठं मशीन लागणार, वरून चालवणाऱ्याला खाली माणूस आहे की नाही ते दिसत नाही, काहीतरी करा. बरोबरच आहे त्याचं. बाबा कॉटवर पडलेत आणि विचारतायत, घोट्याची सूज कधी उतरेल, काम अर्धं राहिलंय. डॉक्टर म्हणाले चार दिवस पाय टेकू देऊ नका. माझ्या हातात तेवढेच दिवस आहेत असं समज.

मी आता ठरवलंय. तू दुसरं पान देणार नाहीस, आणि माझ्या हाताचं ते घेत नाहीत. मग तुझंच घेते. भरते शाई. मारते त्याला एकदाचा. जिवंत आहे असं वाटतं तोवर माणूस काढायला धावतो. मेला म्हटल्यावर रडतील, जेवणार नाहीत, मला शिव्या देतील, पण घरात राहतील. मी त्यांच्यासमोर बसूनच भरणार आहे, म्हणजे शंकेला जागा नको.

जिंकलास तू. आता तरी समाधान झालं असेल तर बघ.

ताई


२४ मार्च

टोक्या, अरे टोक्या,

कुठून सुरू करू. हात अजून काळे आहेत, कागदाला डाग लागतील, लागू देत.

सकाळी खणातून पान काढलं. टेबल बाबांच्या कॉटला लावलं. तू ती कडक शिशाची पेन्सिल वापरायचास, आधीच फिकट, त्यात इतक्या वर्षांनी रेघा दिसतात न दिसतात. फुल्या तेवढ्या ठळक. मी नेहमी वरून सुरू करते, हाताने ओली शाई पुसली जाऊ नये म्हणून. पण म्हटलं ज्याला मारायचंय त्याच्यापासूनच सुरुवात करू, आणि खालून सुरू केलं. बाबा कुशीवर वळून बघत होते.

त्याचे पाय भरले. पोट भरलं. तोंडाशी आले आणि ब्रश आपोआप थांबला. दोन एवढुशा जागांत फुली नव्हती. मी भिंग घेऊन पाहिलं. नाहीच. सवयीने त्या तशाच सोडून भोवतीचं भरलं, आणि सगळ्या काळ्यात ते दोन डोळे उघडे राहिले. मेलेल्याचे नाहीत. वर बघणारे.

मी स्वतःला म्हटलं, मरताना उघडे राहिले असतील, तू थांबू नकोस. भरत वर गेले. खड्ड्याची भिंत, माती, मुळं, सगळीकडे फुल्या. आणि काठाशी आले तर पुन्हा दोन कोऱ्या जागा. शेजारी आणखी दोन. मला वाटलं तू घाईत विसरलास. पण तू फुली विसरणारा नाहीस, मीच तुझ्याकडून ते घोकून घेतलं होतं. मग मात्र माझा हात चालायला लागला. इतक्या वेगाने मी कधी शाई भरलेली नाही. जोडी, जोडी, जोडी, काठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळे खाली वाकून बघतायत.

बाबा कोपरावर उठून बसले होते. माझ्या खांद्यावरून बोट पुढे आलं.

"हे घुबड," म्हणाले. "हे अस्वल, बारीक डोळ्यांचं. हे हरीण, ते समोर असून बाजूला बघतंय. हे कोल्हं." एकेका जोडीवर बोट ठेवत गेले. ओल्या शाईला बोट लागेल म्हणून मी त्यांचा हात धरला होता. अगदी शेवटी उजवीकडे दोन जोड्या राहिल्या. जरा खाली, शेजारीशेजारी, नाकापर्यंतच वर आलेल्या. तिथे थांबले. चष्मा मागितला.

"ही जनावरं नाहीत. जनावराच्या डोळ्यात एवढं पांढरं दिसत नाही. ही आपली पोरं आहेत." आणि मग हळूच म्हणाले, "आली होय."

मी ब्रश पाण्यात टाकला आणि रडले. बाबांच्या समोरच. त्यांनी माझ्या डोक्यावर थोपटलं, बिथरलेल्या जनावराला थोपटतात तसं, आणि सांगितलं, "डॉक्टरीणबाई, आता काय घाबरायचं, एवढे जण आहेत, उलटतील त्याला." शाई वाळेपर्यंत थांबले. मग पान अंकात ठेवलं, गठ्ठ्याची दोरी बांधली आणि चहा मागितला.

आता तुझी पाळी. गाढवा, दोनाऐवजी पाच शब्द लिहिले असतेस तर काय बिघडलं असतं? 'शाई भर, तो मेला नाही.' एवढंच. तेव्हाही तेच. 'कळेल' म्हणे. मी वाचते शब्द, तू काढतोस चित्रं, हे तुला माहीत नव्हतं का? त्या दिवशी आपण गेलो नाही, आणि तू आपल्याला तिथे नेऊन उभं केलंस, पांढरं सोडून. आणि मला सांगितलं नाहीस. मी पण पान दोन हात लांब धरून पाहिलं आणि खणात ढकललं, भिंग लावलं नाही. जाऊ दे. दोघेही एकाच आईची लेकरं.

चित्र छान आहे. हे मी तुला पूर्वी कधी म्हटलं होतं का, आठवत नाही. छान आहे.

ताई


२ एप्रिल

टोक्या,

घोट्याची सूज उतरलीय. बाबा घरभर फिरतात. मागच्या रस्त्यावर मोठं मशीन सुरू झालं, त्याची धडधड इथपर्यंत येते, पण तिकडे ते एकदाही गेले नाहीत. मुकादम स्वतः येऊन चौकशी करून गेला. मी त्याला पान दाखवलं. त्याने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, याच्या पुढचा अंक आहे का. म्हणजे आता रानोबाला ओळखणारा एक माणूस वाढला.

तू लिहिलेलं नाहीस, आणि मी वाट बघत नव्हते असं म्हणणार होते, पण म्हणत नाही. आता सुखाने बसावं ना मी. पण तुला माहीत आहे, आपल्या घरात सुख असं सरळ येत नाही.

रोजच्यासारखं वाचन होतं. शेवटच्या पानावर बोट त्या दोन जोड्यांवर थांबतं. परवा त्यांनी पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, पुन्हा पानाकडे. माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, घोड्याचे दात बघतात तसं. "हे एक तर इथेच आहे," म्हणाले. "ताई." किती दिवसांनी, अरे. मग त्यांनी शेजारच्या जोडीवर बोट ठेवलं.

"दुसरं कुठे राहिलं?"

मी सांगितलं, लांब गेलाय, कामाला. मान हलवली. खुर्ची उचलली आणि दारात नेऊन ठेवली. तेव्हापासून रोज दुपारी तिथेच. उंबरा ओलांडत नाहीत. पोर येईल आणि आपण नसलो तर काय, म्हणतात. रस्त्याने माणूस गेलं की पुढे झुकतात, डोळे बघतात, पुन्हा मागे टेकतात. उन्हं उतरली तरी उठत नाहीत, जेवायला दोनदोनदा बोलवावं लागतं. आधी खड्डा होता, निदान तो कुठे आहे ते मला माहीत होतं.

पान पाठवू नकोस. आता पानाने भागणार नाही. मी शाई भरू शकते, फुली कुठे आहे नाही तेही आता नीट बघते, पण हे माझ्या हातात नाही.

तू ये. राहायला ये असं मी म्हणत नाही, एवढ्यापुरता ये. बाबा तुला ओळखतील की नाही म्हणून टाळत असशील तर तुझ्या जागी मीही टाळलं असतं. म्हणून सांगते कसं करायचं. समोरून, बॅग घेऊन, 'बाबा, मी आलो' असं म्हणत येऊ नकोस. ते 'कोण आपण' म्हणतील आणि तुझं तोंड पडेल. आपल्या दारासमोर अंगणाची भिंत आहे ना, कमरेइतकी, तिच्यामागून ये. बॅग खाली ठेव. खाली बस. गुडघे दुखतील, एवढ्या वर्षांत तुझंही वय झालंय, दुखू देत. आणि नाकापर्यंत डोकं वर काढ.

येणारेजाणारे हसतील. हसू देत. तू फक्त घसरू नकोस.

बॅटरीत नवीन सेल घातलेत. ती त्यांच्या मांडीवरच असते.

ताई